हेवा करणाऱ्याची साक्ष

हिरामण, काल तुझी तेरवी झाली आणि मी पंगतीत भात वाढत होतो. वाढता वाढता मनात काय चाललं होतं ते तुलाच सांगतो, कारण ते ऐकून हसणारं दुसरं कुणी आता राहिलं नाही. माणसं कुठून कुठून आली होती. वडशाहून, कुरखेड्याहून, धानोऱ्याच्या आतल्या गावांतून. जुने फौजी आपापल्या टोप्या घालून आले होते. मच्छीमार सोसायटीचे सगळे होते. तुझ्या पेट्यांच्या कारखान्यातल्या बाया आल्या होत्या, ज्यांना तू शेवटी शेवटी काम देऊ शकत नव्हतास त्यासुद्धा. मी एकेका पानावर भात टाकत होतो आणि स्वतःला विचारत होतो, माझ्या तेरवीला यातले कोण कोण येतील? उत्तर मला आवडत नव्हतं.

माणूस गेल्याचं हेव्याला उशिरा कळतं, गड्या. माझ्या हेव्याला अजून कळलेलं नाही.

तुझं मरणसुद्धा मला सहन झालं नाही. दुपारी जेवलास, बाजेवर टेकलास, तुझी शकुनबाई पाणी घेऊन येईपर्यंत संपलास. ना दवाखाना, ना कुणाचे हात लागले. त्या संध्याकाळी घरी येऊन मी बायकोला, यमुनेला, म्हणालो, "मरन बी सुभेदारासारखं घेतलं यानं." ती चुलीपुढून माझ्याकडे बघत राहिली. "आजच्या दिवस तरी राहू द्या ना," म्हणाली. मी बाहेर जाऊन रडलो. पण रडण्याआधी मी हे बोललो होतो, हे खरं.

आईबापांनी नावं ठेवतानाच आपला निकाल लावून टाकला होता. तू हिरामण, मी केवळराम. गावाने त्याचं हिरा आणि केवळ केलं. आमच्याकडे धानाची बांधी होती, स्वतःची शेती; तुमच्याकडे फक्त जाळी. गावच्या हिशेबाने मी पुढे असायला हवा होतो, आणि माझा बाप तसं बोलूनही दाखवायचा. पण तलावात उतरलं की तो हिशेब चालत नसे. तू पाण्याखालून जाऊन कमळाच्या पार निघायचास आणि मी काठालगत हातपाय मारत राहायचो. बापाने एकदा बांधावरून हे पाहिलं. त्या दिवशी तो मला काहीच बोलला नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भरतीला मी निघालो होतो. तू नुसता सोबत आलास. "तिकडं एकटा जाऊन राह्यला का? चाल, मी बी येतो," असं म्हणून तू अंगावरच्या कपड्यांनिशी गाडीत बसलास. सहा महिने मी बांधावरून धावायचा सराव केला होता. तू अनवाणी धावलास आणि माझ्या पुढे आलास. दोघांचीही निवड झाली. परत येताना मला आनंद व्हायला हवा होता, आणि मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. तू विचारलंस, "काऊन बे, घरची याद येते का?" मी हो म्हणालो.

एकाच पलटणीत गेलो. इतकी वर्षं एकाच पलटणीत. लोक म्हणायचे नशीब आहे, जोडी राहिली. त्या पुरातली गोष्ट तुला आठवत असेल. होडी धारेत अडकली होती, छपरावर एक बाई बसली होती, आणि कुणाला काही कळायच्या आत तू उडी टाकलीस. कमरेचा दोर माझ्या हातात होता. ती बाई वाचली, तुला शाबासकीचं पत्र मिळालं, पलटणीच्या भिंतीवर तुझा फोटो लागला. दोराने माझ्या तळहातांची सालं निघाली होती. ते हात मी कुणाला दाखवले नाहीत, पण कुणी विचारलंही नाही. पाण्यात उडी मारणाऱ्याचा फोटो निघतो, दोर धरणाऱ्याचा निघत नाही, हे मी तेव्हा शिकलो. तू मात्र त्या दिवशी लंगरमध्ये जेवताना सगळ्यांसमोर म्हणालास, "दोर केवळच्या हाती होता मनून मारली उडी. दुसऱ्याच्या हाती असता त नसती मारली." मला ते गोड वाटायला हवं होतं. मला वाटलं, हा मोठेपणासुद्धा यालाच शोभून दिसतो.

मग तो बाबू. आपलं आयुष्यभराचं भांडण त्याच्यापासून सुरू झालं. ती जागा कुठली हे मी आजही लिहीत नाही, सवय जात नाही. उंचावरची थंड जागा होती एवढंच. पलटणीच्या ऑफिसातला हा कारकून, वयाने आपल्यापेक्षा बराच मोठा. त्याचं नावही लिहीत नाही, त्याची पोरं कुठेतरी बापाचं नाव लपवून जगत असतील. कोणती तुकडी केव्हा कुठे हलणार हे तो बाहेरच्या एका माणसाला सांगत होता. तो माणूस सुका मेवा विकायला यायचा. बाबू पकडला गेला, आणि त्याला घेऊन जाणारी गाडी येईपर्यंत पहाऱ्यावर आपण दोघं होतो. पत्र्याची खोली, बाहेर बर्फावर सकाळचं ऊन. तू त्याला चहा दिलास. मला ते आवडलं नव्हतं. मग तू तुझ्या मोडक्या हिंदीत विचारलंस, बाबूजी, का केलंत?

त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, त्याच्या हाताखाली शिकलेला माणूस त्याला मागे टाकून वर गेला होता. दुसरी म्हणजे, त्या मेवेवाल्याने एकदा त्याला सहज विचारलं होतं, बाबूजी, तुमच्याशिवाय ही पलटण एक दिवस तरी चालेल का? "इतक्या वर्षांत असं मला कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून रडायला लागला.

आपण एकेक गोष्ट उचलली आणि मरेपर्यंत भांडलो.

"हेव्यानं केलं त्यानं," मी म्हणायचो. "मागचा पुढं गेला, याचं पोट जळलं. दुसरं काई नाई."

"नाई गा," तू म्हणायचास. "हेवा करणारा माणूस कुठी जाते? त्याचं सप्पा ध्यान एकाच माणसावर रायते. बाहेरच्याशी बोलाले त्याले फुरसतच नाई. बाबू एकटा होता. एकट्याले कोणी बी इकत घेते."

मला वाटायचं तू माझी थट्टा करतोस. त्याच महिन्यात तुझ्या बाहीवर माझ्याआधी फीत चढली होती, आणि हेवा माणसाला कुठवर नेऊ शकतो याची मला मनातून भीती वाटत होती. म्हणून मी ते मत सोडत नव्हतो. तू ते हसण्यावारी नेलंस की मी आणखी चिडायचो. माणसं देश पैशासाठी विकतात, बाईसाठी विकतात, धर्मासाठी विकतात, भीतीने विकतात, असं पुढे पुष्कळ ऐकलं. आपल्या दोघांना त्यातलं काहीच पुरत नसे. भांडायला आपल्याला बाबू तेवढाच पुरे होता.

गावी सुटीवर यायचो तेव्हा केस वाढवून यायचो, आठवतं ना? वर्दी ट्रंकेत तळाशी. घरचे सांगायचे, कुणी विचारलं तर नागपूरला कंपनीत आहे म्हणा. त्या वर्षांत जंगलातल्या बंदूकवाल्यांच्या भीतीने आपल्या भागात 'खबरी', म्हणजे पोलिसांचा माणूस, हा शब्द मोठ्याने कुणी उच्चारत नसे. एका सुटीत आपण असतानाच पलीकडच्या गावातला एक साधा माणूस त्या एका शब्दावरून मारला गेला. त्याने कुणाला खरंच काही सांगितलं होतं का, ते आजवर कुणाला कळलं नाही. त्या दिवशी तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, तू बराच वेळ जाळ्याची गाठ सोडवत बसला होतास. मग म्हणालास, "तिकडं बाबूनं खरंच इकलं, त त्याले वकील भेटला. इथी काई न इकता माणूस मरते." सीमेवर इतकी वर्षं काढली, पण देश म्हणजे काय हे मला त्या पाळीवर जास्त अवघड वाटलं.

तू सुभेदार झालास. मी हवालदारच राहिलो. ज्या दिवशी तुला पहिल्यांदा 'राम राम, साहेब' म्हणावं लागलं तो दिवस मी विसरलेलो नाही. सावधान उभा राहून म्हटलं. तू आजूबाजूला पाहिलंस, कुणी नाही हे बघून माझा कान धरलास. "साहेब मनतं का बे मले? पुन्हा मन, पाण्यात बुडवतो तुले." मी हसलो. संध्याकाळी मी देवाला विचारलं की हा माणूस निदान गर्विष्ठ तरी का नाही झाला. झाला असता तर माझं काम किती सोपं झालं असतं.

पेन्शनीवर आल्यावर मी धानाच्या बांधीत गेलो. तू वडशाला जाऊन पेट्या करायला लागलास. दारूगोळा ज्या लाकडी पेट्यांतून जातो त्या पेट्या. एका मोठ्या ठेकेदाराच्या हाताखालचा तू छोटा ठेकेदार. मी तोंडावर म्हणालो, "जन्मभर ठेकेदाराले शिव्या दिल्या आपण. बुटाचा तळ निघाला, ठेकेदार. तंबू गळला, ठेकेदार. आन आता तूच?"

"मनून तर," तू म्हणालास. "शिव्या कायच्यानं पडते ते मले मालूम हाय."

आणि तू मला पेट्या तपासायला बोलावलंस. मी लगेच हो म्हटलं नाही. तुझ्या हाताखाली पुन्हा? पण बांधीत बसून माझा दिवस जात नव्हता, आणि खरं सांगायचं तर तुझ्यापासून लांब राहून हेवा करणंही जमत नव्हतं. मी आलो. मग कळलं की ते काम मला आवडतं. फळीत गाठ आहे का, लाकडात ओल राहिली का, कोपरा पक्का बसला का. पलटणीत असताना एकदा डोंगर चढताना पेटीची कडी निखळली होती आणि आपल्या एका पोराच्या पायावर सगळा भार आला होता, ते दोघांच्याही डोळ्यांपुढे असायचं. बाया खिळे ठोकताना गाणी म्हणायच्या, त्यात गोंडी गाणी जास्त. जेवणाच्या सुटीत तू त्यांच्यात बसून सुकटीची चटणी खायचास. त्या तुला सुभेदारभाऊ म्हणायच्या. मला हवालदारभाऊ. तेवढंही मला टोचायचं. हसू नकोस.

नंतर तो पांढऱ्या गाडीतला माणूस यायला लागला. बोलणं मऊ, कपडे साधे, हातात नेहमी मिठाईचा पुडा. छोट्या ठेकेदारांना मोठी कामं मिळवून देतो म्हणायचा. माझ्याकडे त्याने एकदा फक्त पाणी मागितलं. तुझ्याशी मात्र तासतासभर बोलत बसायचा. मला वाटलं, झालं, आता हा आणखी मोठा होणार.

एका सकाळी तू मला पाळीवर बोलावून घेतलंस. जाळं कोरडंच होतं, टाकलं नव्हतंस.

"तो माणूस आधी लाकडाचं इचारे," तू म्हणालास. "मंग पेटीच्या मापाचं. काल मने, पुढच्या हंगामात कोनत्या मापाच्या पेट्या जास्त मागितल्या? त्याच्यात काय जाते? गाड्या कोनत्या दिवशी निघते? आन मने, सुभेदारसाहेब, तुमच्यासारखा माणूस नसता त या पोरांले बंदुकीत घालाले काई भेटलं नसतं."

मला क्षणात ती पत्र्याची खोली आठवली. तुलाही तीच आठवली होती, हे तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि त्या वेळी माझ्या तोंडातून काय निघालं? मी म्हणालो, "माह्याकडं काऊन नाई आला तो?"

तू जाळं खाली ठेवून इतका हसलास की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. "तुह्याकडं आला असता त त्याचंच नुकसान झालं असतं, केवळ. तू त्याले भात खाऊ घातला असता, आन दिवसभर पलटणीच्या गोष्टी सांगितल्या असत्या. त्यातली एक बी खरी नाई." मीही हसलो. हसता हसता मला वाईट वाटत होतं की हेरसुद्धा तुझ्याकडेच आला.

मग तू म्हणालास की गडचिरोलीला जाऊन पोलिसांना सांगणार. आणि आपण भांडलो, कधी भांडलो नव्हतो तसे.

"नाई मन त्याले, आन सोडून दे," मी म्हणालो.

"मी सोडला त तो दुसऱ्या कोणाकडं जाईन."

"जाऊ दे ना. तू काय आता फौजेत हायस? ठेकेदार हायस तू."

"फौजेत असतो त साहेबाले सांगून मोकळा झालो असतो. आता मलेच जा लागते."

"चौकशी लागन. पयले तुह्यावरच लागन. काम बंद पाडतीन. आन जीप येईन घरापुढं. आपल्या गावात दारात जीप थांबली का लोक काय समजते, ते इसरला का?"

"नाई इसरलो."

"बायांचं काम जाईन. माहं बी जाईन."

"जाईन," तू म्हणालास. एवढंच. मला तुझा त्या वेळी जितका संताप आला तितका कधी आला नव्हता. मी म्हणालो, "तुले पुन्हा फोटो पाहिजे भिंतीवर." हे मी बोललो. तू कोरडं जाळं गुंडाळलंस. दुसऱ्या दिवशी बसने गेलास आणि सांगून आलास.

मी म्हटलं होतं तसंच झालं, आणि त्याचं मला समाधानही मिळालं नाही. चौकशी संपेपर्यंत वरच्या ठेकेदाराने तुझं काम थांबवलं. करवत बंद झाली. बाया काही दिवस सवयीने येऊन दारात बसायच्या, मग मोहफुलांच्या हंगामात रानात गेल्या त्या परतल्या नाहीत. आणि जीप आली. एकदा नाही, बऱ्याचदा. गावात कुणी म्हणालं सुभेदाराने सडकं लाकूड खपवलं. कुणी म्हणालं माल बाहेर विकला. आणि मग तो जुना शब्द पुन्हा हळू आवाजात ऐकू यायला लागला. आता ते दिवस राहिले नाहीत, जंगल शांत आहे म्हणतात, पण शब्दाची भीती जंगलापेक्षा जास्त टिकते. शकुनबाई हातपंपावर गेली की बाया बोलायच्या थांबायच्या. तू कुणालाच काही सांगितलं नाहीस, कारण सांगू नका असं तुला सांगितलं होतं. सोसायटीच्या बैठकीत तुझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. मी उशिरा जायचो आणि तिथे बसायचो. प्रेमाने बसायचो असं नाही. दुसरी जागा नसायची, कारण सगळे एका बाजूला दाटून बसलेले असायचे.

मग चौकशीचे दोघं माझ्याकडे आले. साध्या कपड्यांत. अंगणात धान वाळत घातलं होतं, त्याच्या कडेला खाट टाकली. एक वयस्कर, मराठी बोलणारा. दुसरा तरुण, तो लिहून घेत होता. यमुनेने चहा ठेवला.

"सुभेदार हिरामण यांना तुम्ही कसं ओळखता?" वयस्कर साहेबांनी विचारलं.

"लहानपणापासून, साहेब."

"त्यांनी घर बांधलं, वडशाला कारखाना टाकला. तुम्ही दोघं एकत्रच भरती झालात. तुमचं घर मातीचंच आहे."

"हो, साहेब."

"कधी मनात नाही आलं, हे सगळं कुठून आलं?"

हिरामण, तो क्षण तुला सांगायचाच राहिला. जन्मभर जे माझ्या पोटात साचलं होतं ते सगळं त्या प्रश्नाने वर आलं. तलाव, भरती, तो फोटो, तुझे तारे, सुभेदारभाऊ. कुणीतरी अखेर मला तुझ्याबद्दल विचारत होतं, आणि मी जे बोलेन ते लिहिलं जाणार होतं. एक 'काय माहीत, साहेब' म्हटलं असतं तरी पुरे होतं. खोटंसुद्धा बोलावं लागलं नसतं.

"हा माणूस विकला जाईल असं वाटतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "साहेब, मी याचा हेवा करतो. आजकालचा नाही, आम्ही तलावात पोहायला शिकलो तेव्हापासूनचा. याच्यात खोट कुठं आहे हे मी जन्मभर शोधत आलो. माझ्याएवढं कुणी शोधलं नसेल. सापडली असती तर तुम्ही यायची मी वाट पाहिली नसती. मीच गडचिरोलीला येऊन सांगितली असती."

तरुणाचा पेन थांबला. वयस्कर साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हे असंच लिहू?"

"असंच लिहा."

यमुना कपबशा घेऊन दारात उभी होती. ते गेल्यावर तिने कपबशा विसळल्या, उलट्या घातल्या, आणि मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. रात्रीच्या जेवणात अंड्याची भाजी मात्र होती, आणि त्या दिवशी कुठलाही सण नव्हता.

तुझ्यावर काही निघालं नाही. निघणार नव्हतंच. त्या पांढऱ्या गाडीतल्या माणसाचं पुढे काय झालं ते आपल्याला कुणी सांगितलं नाही, तसं सांगत नसतात. पण पेट्यांचं काम तोवर दुसऱ्याकडे गेलं होतं आणि ते परत आलं नाही. तू दारांच्या चौकटी करायला लागलास, बाजा, देव्हारे. मी तिथेही गाठी तपासायला येत राहिलो, तपासायला काही नसलं तरी. रोज सकाळी तू माझ्या आवारापुढे येऊन सायकलची घंटी वाजवायचास आणि मी मुद्दाम जरा उशिरा बाहेर यायचो.

मी तुला ती साक्ष कधीच सांगितली नाही. त्या वाक्याचे दोन भाग होते. दुसरा तुला ऐकवावा असं फार वाटायचं. पण पहिला सांगितल्याशिवाय दुसऱ्याला अर्थ नव्हता, आणि पहिला मी इतक्या वर्षांत तुझ्यापासून लपवून ठेवला होता. निदान माझी तशी समजूत होती. बाबूवरून आपण भांडत राहिलो. तू जायच्या आदल्या आठवड्यातसुद्धा भांडलो. मी म्हणालो हेवा, तू म्हणालास एकटेपण. तू मध्येच उठून गेलास, गिऱ्हाईक आलं म्हणून. ते भांडण तसंच पडलं आहे.

काल पंगती उठल्या. मी भाताचं पातेलं मागच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. शकुनबाई तिथे एकटीच पाटावर बसली होती. म्हणाली, "केवळभाऊ, एक गोष्ट सांगू का? राग नोका येऊ देऊ."

"सांगा ना."

"ते जीपवाले साहेब आमच्या घरी आले होते, तवा त्याईनं इचारलं, सुभेदारसाहेब, गावात तुमच्या बाजूनं कोन बोलन? त हे मनले, माह्या बाजूनं बोलनारे खूप हाय, त्याईले इचारून फायदा नाई. केवळरामले इचारा. तो माह्यावर जन्मभर जळला. तो माह्यासाठी खोटं नाई बोलनार."

माझ्या हातात भाताचा झारा तसाच होता. मी विचारलं, "त्याले मालूम होतं?"

"काय? तुमी जळता ते?" इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. "भाऊ, ते कोनाले मालूम नाई?"

मी म्हणालो, "मंग मी काय सांगितलं ते त्यानं कधी इचारलं नाई मले."

"मी मनत होती, इचारा एक डाव. त मने, काऊन इचारू? त्याले माह्या तोंडावर चांगलं बोला लागन, आन ते त्याच्याच्यानं होत नाई. कायले त्याले तरास." तिने पदराने डोळे पुसले. "काय सांगितलं होतं, भाऊ, तुमी?"

मी सांगितलं. पहिला भाग आधी, मग दुसरा. सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. आतून कुणीतरी तिला हाक मारत होतं, पाहुणे निघाले होते. उठताना म्हणाली, "ते मनतच होते, केवळ असंच मनन. खोट भेटली असती त मीच आनून देली असती, असं मनन मने. जवळपास असेच शब्द."

ती आत गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. माझी साक्षसुद्धा तू माझ्याआधी बोलून ठेवली होतीस. आयुष्यात एकदाच मी तुझ्याहून मोठं काही केलं असं मला वाटत होतं, ते मी इतकी वर्षं जपलं होतं, आणि तेही तुला पाठ होतं. इतका राग मला तुझा कधी आला नव्हता, हिरामण. तुला गाठून चांगलं सुनावावं म्हणून मी तडक उठलो, आणि उठल्यावर मला आठवलं.